रात्री ताप चढला की थेट कॅज्युअल्टी, की सकाळची वाट? नाशिककर आईबाबांनो सांगा

निमाची_आई, इंदिरानगर

नमस्कार, सरळ मुद्द्यावर येते. रात्री-बेरात्री मुलांना काही झालं तर हॉस्पिटल गाठायचं की घरीच थांबायचं हे तुम्ही ठरवता कसं? आमची मुलगी अडीच वर्षांची, वजन १२ किलो. मागच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर ताप १०३ वर गेला, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन रात्री बंद असतो (त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, त्यांनी झोपायचं कधी), सासूबाई म्हणाल्या आत्ताच्या आत्ता चला, नवरा म्हणाला औषध आत्ताच दिलंय, तासभर बघू. शेवटी गेलो. '२४ तास इमर्जन्सी' असा भला मोठा लाल बोर्ड, आत एक आरएमओ (रात्रपाळीचे ड्युटी डॉक्टर), मुलांचे डॉक्टर फोनवर. तपासायच्या आधी फाईल, फाईलच्या आधी डिपॉझिट, मग म्हणे ॲडमिट करा, ऑब्झर्वेशनला ठेवू, सलाईन लावू. हे सगळं होईपर्यंत पोरीचा ताप उतरला होता आणि ती रिसेप्शनवरच्या गणपतीशी गप्पा मारत होती. सही करून घरी आणली. सकाळी आमचे डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे.

तेव्हापासून घरात दोन पार्ट्या झाल्यात. मला भांडण नकोय, पुढच्या वेळेला काय बघून निघायचं ते हवंय. आणि निघालो तर जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये जायचं, मोठ्या हॉस्पिटलात की सिव्हिलला?

कॉलेजरोडकर

आमच्याकडे साधा हिशोब. पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभराने पोरगं बघायचं, थर्मामीटर नंतर. १०३ चा १०१ झाला आणि पाणी मागतंय, मोबाईल मागतंय, बहिणीला चिमटे काढतंय, तर घरीच. ताप उतरूनही मलूल, डोळे उघडत नाही, खांद्यावर मान टाकून पडलंय, तर गाडी काढायची. बाकी खरं सांगू का, निम्म्या वेळा आपण पोरासाठी जातच नाही, घरातल्या मोठ्यांच्या वादात पंच पाहिजे असतो म्हणून जातो.

नाईट_ड्युटी

मी नर्स आहे, मुलांच्या कॅज्युअल्टीत बरीच वर्षं रात्रपाळ्या काढल्यात, हॉस्पिटलचं नाव विचारू नका. वरचे दादा म्हणतात ते बरोबर आहे पण अर्धंच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी कधी, तर रविवारी संध्याकाळी आणि लग्नसराईत. तीन दिवस खोकला असतो, रविवारी रात्री येतात, का तर सोमवारी शाळा आणि ऑफिस. त्यांना नावं ठेवत नाही मी, दोघंही अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत, डॉक्टरांची ओपीडी ज्या वेळेला असते त्या वेळेला हे शिफ्टमध्ये, मग जायचं कधी? कॅज्युअल्टी म्हणजे त्यांची रात्रीची ओपीडीच झालीय. पण दुसऱ्या बाजूने जे बघितलंय ते जास्त वाईट. जुलाबाचं पोर दुपारी बारालाच यायला पाहिजे होतं ते रात्री अकराला येतं, मधल्या वेळात तीन दवाखाने, एक मेडिकलवाला आणि एक दृष्ट काढणारी मावशी झालेली असते, आणि आलं की शीर सापडत नाही इतकं सुकलेलं. म्हणजे ज्यांनी घरी थांबायचं ते धावतात आणि ज्यांनी धावायचं ते 'आपल्याच डॉक्टरला दाखवू सकाळी' म्हणून बसतात.

तर ताई, तापाचा आकडा सोडा आणि हे बघा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ च्या वर असेल तर वाट बघायचीच नाही, पहाटे तीन असोत नाहीतर पाडवा असो, आणि इतक्या लहान बाळात उलटं पण असतं, अंग गार पडणं, दूध ओढायचं सोडून देणं, हेसुद्धा तेवढंच गंभीर. मोठ्या मुलात आधी श्वास बघा. झबलं वर करा, शांत किंवा झोपलेलं असताना पोट वरखाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा, रडताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हा जोराचा श्वास. तापात श्वास वाढतोच म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. पण बरगड्यांखालची जागा श्वास घेताना आत ओढली जातेय, कण्हतंय, ओठ निळसर दिसतायत, तर मोजत बसू नका, निघा. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, हिरवी उलटी, मान ताठ, अंगावर असे लालजांभळे ठिपके जे दाबले तरी जात नाहीत, उठवून नीट उठत नाही, हे सगळं त्याच रात्रीचं काम आहे.

आता झटके, कारण यात लोक फार घाबरतात आणि घाबरून भलतंच करतात. सहा महिने ते पाच वर्षांत तापात झटका येऊ शकतो, बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतो. कुशीवर करा, आजूबाजूचं टणक काही बाजूला करा, मोबाईलवर वेळ बघा, कुणी रिकामं असेल तर व्हिडिओ काढा, डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा नाही. चप्पल तर नाहीच नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ किंवा जे सगळ्यात जवळ असेल ते, तिथे बालरोगतज्ज्ञ नसला तरी झटका थांबवायचं औषध द्यायला कुठलाही डॉक्टर चालतो. पहिल्यांदाच आला असेल तर थांबला तरी त्याच रात्री दाखवायचं.

आणि एक विनंती. कॅज्युअल्टीत नंबर आल्या क्रमाने नसतो. तुमच्या नंतर आलेल्याला आत घेतलं म्हणजे त्याची हालत जास्त खराब आहे, वशिला आहे असं नाही. यावरून सिस्टरशी भांडणारे बाप मी एवढे बघितलेत की आता आवाजावरून ओळखते.

द्राक्षवाला, दिंडोरी तालुका

तुमच्याकडं कुठलं हॉस्पिटल निवडायचं ही पंचाईत, आमच्याकडं गाडी कुठून आणायची ही. तरी लिहितो कारण तापाशिवाय पण लहान पोरांची इमर्जन्सी असती आणि आमच्या भागात ती वेगळीच असती.

छाटणी झाली की फवारण्या चालू होतात, घरात, पडवीत, मोटरीच्या खोलीत औषधाच्या बाटल्या. लोक काय करतात, उरलेलं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर असंच झालं, पोरानं घोटभर घेतलं. माणसं मिठाचं पाणी पाजून उलट्या काढायला बसली, ते करायचं नसतं बरं का, उलटीतून औषध फुफ्फुसात गेलं तर आणखी बेकार, रॉकेलचं पण तेच. एका शहाण्या बाईनं कपडे काढून अंग साबणानं धुतलं, मूळ डबा शोधून सोबत दिला आणि १०८ लावला. ग्रामीण रुग्णालयात डब्यावरचं नाव वाचून डॉक्टरनं लगेच ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा, चालू केला आणि मग सिव्हिलला पाठवलं. पोरगं वाचलं. डबा नसता तर डॉक्टरला अंदाजावर काम करावं लागलं असतं.

विंचू-सापाचं पण सांगतो. लाल विंचू चावलेल्या पोराला घाम फुटला, उलट्या, हातपाय गार, तर ते विष हृदयावर चाललंय. पूर्वी यात लेकरं पटापट जायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरायचा रस्ता दाखवला तेव्हापासून पुष्कळ वाचतात, पण गोळी वेळेत पोटात गेली तर. सापाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळती आणि लहान पोराला डोस कमी द्यायचा नसतो, मोठ्या माणसाएवढाच लागतो, कारण सापानं विष काय पोराचं वय बघून कमी सोडलेलं नसतं. हे मुद्दाम लिहितो कारण 'लेकरू लहान आहे, एवढी लस कशाला' म्हणून डॉक्टरशी हुज्जत घालणारे आमच्याच गावात आहेत.

सातपूर_एमआयडीसी

डिपॉझिटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय की जीव धोक्यात असलेल्या पेशंटला आधी उपचार द्यायचे, बाकी सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम २०२१ मध्ये बदलले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायला सांगितलंय. पण नीट समजून घ्या, हे जीव वाचवायच्या उपचारांना आहे, १०१ ताप असलेल्या खेळत्या पोराला नाही. तिथे डिपॉझिट मागितलं तर कायदा सांगून उपयोग नाही.

मेडिक्लेम असेल तर कार्ड फोनमध्ये ठेवा. कॅशलेसची रिक्वेस्ट आली की विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, २०२४ पासून घातलंय, तरी हातात थोडे पैसे ठेवलेले बरे. आणि महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, केशरी-पिवळंच पाहिजे असं राहिलं नाही, पांढरं पण चालतं, पण योजनेत असलेल्याच हॉस्पिटलात आणि यादीतल्याच आजाराला, आणि नुसती ओपीडी-कॅज्युअल्टीची तपासणी त्यात येत नाही. ॲडमिट करायची वेळ आली तर काउंटरवर योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, असतो त्याला गाठा, बिलिंगवाल्याला नको.

बालरोगवाला

मी खासगी प्रॅक्टिस करतो, रात्री फोन बंद ठेवणाऱ्यांपैकीच, त्यामुळे ताईंचा टोमणा पोचला.

सिस्टरनी लिहिलंय त्यात बदल काही नाही, दोन-तीन गोष्टी जोडतो. पहिली, तापाच्या औषधाचा डोस. रात्री येणाऱ्या कितीतरी मुलांचा ताप 'औषधाने उतरत नाही' कारण औषध पुरेसं दिलेलंच नसतं, वर्षापूर्वी चिठ्ठीवर लिहिलेला डोस आजही चालू असतो आणि मूल मधल्या काळात तीन किलोने वाढलेलं असतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. ताईंची मुलगी १२ किलोची, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटली १२५ ची असेल, म्हणजे ५ मिलीत १२५, तर साधारण ७ मिली. २५० ची असेल तर साडेतीन मिली. आणि थेंबांची छोटी बाटली असते ती १ मिलीतच १०० मिलिग्रॅमची, तिच्यातून चमचा भरून ७ मिली दिलं तर जवळपास चौपट डोस गेला, आणि हे मी होताना बघितलंय. दोन डोसमध्ये किमान चार तास, दिवसात चारच्या वर नको. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हे गणित घरी करूच नका. पुसून काढायचं तर कोमट पाण्याने, बर्फाने नाही.

दुसरी, पावसाळ्यानंतरचा ताप. नाशकात ऑगस्ट ते नोव्हेंबर डेंग्यूचे दिवस. त्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक असलेली औषधं आपल्या मनाने देऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. आणि डेंग्यूत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरल्यावर जास्त, तिसऱ्या दिवसानंतर. ताप गेला म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि त्याच वेळी मूल पोट दुखतं म्हणतं, सारख्या उलट्या करतं, हातपाय गार पडतात, गुंगीत जातं, हिरड्यातून रक्त दिसतं. हे मूल घरात ठेवायचं नाही, ताप ९८ असला तरी. प्लेटलेटच्या आकड्यावरून घाबरून माझ्याकडे रोज फोन येतात, या लक्षणांवरून फारच थोडे.

जुलाबात ओआरएस. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असला अंदाजपंचे कारभार नको. मेडिकलमध्ये ओआरएसच्या नावाने गोड पाण्याचे टेट्रापॅक मिळायचे, २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसं नाव वापरायला बंदी केलीय, तरी डब्यावर नीट वाचा. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला २०२५ मध्ये विषारी खोकल्याच्या सिरपने मुलं दगावली ते सगळ्यांना माहीत आहे, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही आणि पाचच्या आतही शक्यतो नाहीच.

सलाईनबद्दल मात्र मला पालकांवर थोडा राग आहे. मूल तोंडाने पितंय, लघवी होतेय, तरी 'सलाईन लावा डॉक्टर, ताकद येईल'. नाही लावली तर दुसरीकडे जाऊन लावून येतात. मग बोर्डवाले हॉस्पिटल लावतंय तर दोष एकट्या त्यांचा कसा?

निमाची_आई, इंदिरानगर

डॉक्टर, टोमणा नव्हता हो, खरंच. आम्ही ५ मिलीच देत होतो ते पण १२५ च्या बाटलीतून, म्हणजे कमीच पडत होतं की. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की मग कांद्याने झटका का थांबतो, त्यांनी स्वतः बघितलाय.

आणि सिस्टर, निघायच्या आधी फोन करून विचारायचं तर नक्की काय विचारायचं? मी विचारलं होतं 'इमर्जन्सी चालू आहे ना', हो म्हणाले.

नाईट_ड्युटी

हो म्हणणारच, इमर्जन्सी सगळ्यांची चालू असते. सासूबाईंना सांगा, झटका दोन मिनिटांत आपोआप थांबणारच होता, कांदा शोधून आणून कापेपर्यंत तेवढी दोन मिनिटं होतात, मग श्रेय कांद्याला.

फोनवर विचारायचं की बालरोगतज्ज्ञ आत्ता हॉस्पिटलात आहेत की कॉलवर, आणि कॉलवर असतील तर किती वेळात पोचतात. बऱ्याच छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री आरएमओ असतात, माणसं चांगली असतात, पण निर्णय फोनवरून होतो. मग विचारायचं की पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग, आहे का आणि बेड रिकामा आहे का. बोर्डवर एनआयसीयू वाचून फसू नका, तो जन्मलेल्या बाळांचा, पहिल्या महिन्यातल्या. चार वर्षांचं डेंग्यूचं पोर तिथे ठेवता येत नाही, मग रात्री दोनला 'दुसरीकडे हलवा' आणि तुम्ही ॲम्ब्युलन्समधून मुंबई नाका ते आडगाव. हलवायचं म्हटलं तर रेफर चिठ्ठी, दिलेल्या औषधांच्या वेळा आणि पुढच्या हॉस्पिटलला इथल्या डॉक्टरने फोन, हे घेतल्याशिवाय हलू नका.

हे सगळं ज्याला वेळ आहे त्याच्यासाठी. श्वास अडकलाय, झटका थांबत नाही, पोर हाक मारून ओ देत नाही, तर फोन-बिन काही नाही, जवळचं गाठा. आणि छोट्या रिमोटमधला किंवा खेळण्यातला चपटा सेल गिळला असेल, नुसता संशय असेल तरी, 'शीतून निघेल' म्हणून केळं खायला घालून वाट बघायची नाही, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. एक्स-रे आणि दुर्बीण दोन्ही जिथे आहे तिथे.

पंचवटीकर

कुत्रा चावला तर? आमच्या गल्लीत टोळीच आहे, मागच्या महिन्यात एका मुलाला ओरबाडलं तर त्याच्या आजीने चुना आणि मिरची लावली.

नाईट_ड्युटी

चुना, मिरची, हळद काही नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. सिव्हिल किंवा मनपाच्या दवाखान्यात लस मिळते. रक्त आलं असेल तर लसीशिवाय जखमेत द्यायचं सीरम पण लागतं, त्याबद्दल आपण होऊन विचारा. चेहऱ्यावर, बोटांवर चावलं असेल तर अजिबात उशीर नको.

कॉलेजरोडकर

१०८ येते का पण शहरात वेळेवर? संध्याकाळी द्वारका चौकात माणूस अडकला की अडकला. मी तर म्हणतो स्वतःच्या गाडीने न्या.

नाईट_ड्युटी

पोर शुद्धीत आहे, श्वास नीट आहे, तर न्या की स्वतःच्या गाडीने. फक्त एकजण चालवणार आणि दुसरा मागे मुलाला घेऊन बसणार, एकट्याने बाईकवर पोटाशी बांधून आणतात ते नको. श्वासाचा त्रास किंवा झटका असेल तर १०८, त्यात ऑक्सिजन आणि डॉक्टर असतो, तुमच्या गाडीत एसी असतो फक्त. आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ आहे, फुकट, ती बहुतेकांना फक्त बाळंतिणीची गाडी वाटते.

द्राक्षवाला, दिंडोरी तालुका

१०८ चं आमच्या अनुभवाचं सांगतो, खेड्यातल्यांना उपयोगी पडंल. फोन लावल्यावर ते तालुका, गाव, जवळची खूण विचारतात, तिथं नुसतं 'मळ्यात राहतो' सांगून चालत नाही, आमच्याकडं सगळेच मळ्यात राहतात. गावाचं नाव, मग शाळा नाहीतर सोसायटीचं गोडाऊन, मग कुठल्या फाट्यावरून आत. पोराचं वय आणि झालंय काय ते एका वाक्यात. रात्री एका माणसाला मोटरसायकल घेऊन फाट्यावर उभं करा, लाईट चालू ठेवून, नाहीतर गाडी डांबरीवरून पुढं निघून जाती. आणि ज्या नंबरवरून फोन केला तो दुसऱ्याशी बोलण्यात गुंतवू नका, ड्रायव्हर त्याच नंबरला फोन करतो, आणि आपण तेवढ्यात सगळ्या पाहुण्यांना कळवत बसलेलो असतो.